खोवर्टचा गुलाब

“आणि माझा गुलाब?” बिछान्यातून खोवर्टनं विचारलं.

“जूनमध्ये,” चित्रावरची नजर न काढता आलेडा म्हणाली.

“जूनपर्यंत मी असेन होय गं, म्हातारे?”

बाहेर मिडलबर्गचे कालवे गोठले होते. आलेडा चित्र रंगवत होती त्या लाकडी फळीवर मात्र ट्युलिप, आयरिस, लिली एकाच फुलदाणीत सवती नांदाव्यात तशा दाटीनं नांदत होत्या. जे फूल फुलेल ते समोर ठेवून रंगवायचं, बाकीच्यांची जागा राखायची. एकेक चित्र वर्षभर चाले. समोर नसलेलं फूल तिनं जन्मात काढलं नव्हतं. पाद्रीबाबांनी म्हणे एकदा तिच्या चित्रातल्या माशीवर टोपी हाणली, आणि माशी उडेना तेव्हा त्या माशीलाच निर्लज्ज ठरवलं.

या चित्राच्या मधोमध जागा कोरी होती. खोवर्टनं बी पेरून वाढवलेला नवा गुलाब गेल्या जूनमध्ये प्रथमच कळ्यांवर आला, आणि गारांनी सगळ्या कळ्या झोडपल्या. कुणीच तो फुललेला पाहिला नाही. आता वैद्यानंही हात टेकले होते.

रात्रभर त्याची धाप ऐकून सकाळी तिनं कुंचला उचलला. “सांग. कसा आहे?”

“कोबीएवढा.”

“थापाड्या! पाहिलायस कधी?”

“माळी कोण, तू की मी? बाहेरची पाकळी मुडप. अगं, इतका लाल? दारू पिऊन आलाय का तो? तुझ्या गालाचा रंग दे. आत्ताच्या नव्हे, लग्नातल्या. आणि अळी नको.”

“अळी नसली की गिऱ्हाईक कुरकुरतं.”

“कुरकुरू दे. जन्मभर वेचल्यात मी.”

गुलाब पुरा झाला तेव्हा त्यानं नाक फळीजवळ नेलं. “वास येतोय,” म्हणाला. येत होता तो रंगातल्या जवसाच्या तेलाचा.

बर्फ वितळायच्या आत तो गेला.

जूनमध्ये झाड फुललं. फूल अक्रोडाएवढं, फिकट पिवळं. आलेडानं ते फुलदाणीत घालून चित्राशेजारी ठेवलं आणि सवयीनं कुंचला भिजवला.

चित्र न्यायला आलेला दलाल हसला. “बाई, खरं फूल समोर आहे, तेवढं दुरुस्त करा. असा गुलाब जगात नाही.”

“नाहीच,” ती म्हणाली.

खऱ्या गुलाबाच्या पानावरून एक हिरवी अळी निघाली होती. आलेडानं ती चिमटीत धरली, खिडकीबाहेर टाकली आणि कुंचला कोरडा पुसून ठेवला.