हरकत नसलेल्या बायका

तोफेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कारखान्यात आता कुणी उरलं नव्हतं. रोलर चालू असताना शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज तिच्या एकटीचाच होता, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. बाकीच्या बायकांचं सगळं हातांवर चालायचं.

कारखाना इस्पितळांच्या चादरी धुणारा. दोघीजणी ओली चादर टोकं धरून ताणायच्या आणि तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, पलीकडच्या दोघी ती कोरडी होऊन आली की घडी घालायच्या. घरघराट इतका, की शेजारणीने शिवी दिली तरी कळू नये. म्हणून तिथे वर्षानुवर्षांची एक रीत होती. काही ठरवायचं असलं की एकजण खुणेने विचारायची आणि जिची हरकत असेल तिने हात वर करायचा. कुणाचाच हात वर झाला नाही, की झालं, ठरलं. जेवायला आधी कुणी जायचं, नव्या बाईला कुणाच्या जोडीला द्यायचं, सगळं असंच. जिची हरकत नाही तिने मान वर करायचीही गरज नव्हती.

रोलर बंद करायचं लाल बटण पूर्वी चादर सरकवणाऱ्या बाईच्या हाताशी होतं. साहेबांनी ते उचलून सुपरवायझरच्या काचेच्या केबिनमध्ये नेलं. का, तर म्हणे बायका ऊठसूट मशीन बंद करतात. त्यानंतर दोनच महिन्यांत तोफेच्या मोठ्या बहिणीची, अक्काची, बाही चादरीबरोबर आत गेली. अक्काने दुसरा हात वर केला, बायका किंचाळल्या, आणि केबिनमध्ये सुपरवायझर पाठ करून फोनवर हसत होता. अक्काची तीन बोटं भाजून एकमेकांना चिकटली ती कायमची. तिला उशांच्या खोळींच्या टेबलावर बसवलं आणि वर ऐकवलं, की उपकार समज.

बायकांची मागणी एवढीच होती: बटण परत हाताशी द्या. आठ-दहाजणी मिळून सांगायला गेल्या तर साहेब गोड हसले. "असं घोळक्याने नाही यायचं. एकेकटी या, मोकळेपणाने बोला. माझं दार सगळ्यांना उघडं आहे." दोघी एकेकट्या गेल्याही. एकीची पाळी बदलली, दुसरीला टाक्या धुवायला पाठवलं. तिसरी कशाला जाते मरायला!

मग युनियन आली. युनियनचे चष्मेवाले गृहस्थ मोठे शांत, एकच गोष्ट चार वेळा सांगणारे. ते म्हणाले, पटावर एकशे चाळीसजणी आहात. सरकारी मतदानात एकाहत्तर 'हो' पडले, की कायद्याने युनियनला मान्यता. मग साहेबांना टेबलाशी बसून सगळ्यांशी मिळून बोलावंच लागेल, एकेकटी या म्हणायची सोय नाही. कमी पडले तर पुढची तीन वर्षं पुन्हा मागता येणार नाही. मतदान मागण्याच्या अर्जावर शंभराच्या वर सह्या झाल्या होत्या. तोफेला वाटलं, आता काय, गंगेत घोडं न्हालंच.

मतदानाच्या चार दिवस आधी साहेब माल चढवायच्या ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "मतदानाच्या दिवशी कारखाना बंद. सगळ्यांना पगारी सुट्टी. आपल्या मनाप्रमाणे वागा, कुणावर कसलीही जबरदस्ती नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पगारी सुट्टी हा शब्द त्या शेडने पहिल्यांदाच ऐकला होता. तोफेची जोडीदारीण हसरी, जिने घरोघर फिरून निम्म्या सह्या आणल्या होत्या, ती तर नाचायचीच बाकी होती. "वाकला गं मेला!" तोफ ओरडली. टाळ्याही तिच्याच सगळ्यात जोरात होत्या.

मतदान कॅन्टीनमध्ये होतं. कामगार खात्याच्या बाई पेटी घेऊन बसल्या होत्या, एका बाजूला चष्मेवाले, दुसऱ्या बाजूला साहेब, इस्त्रीचा शर्ट घालून. वेळ पाचपर्यंत. तोफेने पहिलंच मत टाकलं आणि फाटकाशी येऊन उभी राहिली. दहा वाजले, अकरा वाजले. तुरळक बायका येत होत्या. बारा वाजून गेले तरी तीसही झाल्या नव्हत्या. येतील, सुट्टीचं जरा उशिराने उठतात, असं ती स्वतःलाच समजावत राहिली.

तेवढ्यात घडी टेबलावरची एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन फाटकावरून जाताना दिसली.

"अगं मावशी, आत नाही का येत?"

"मी कशाला गं? माझी कुठे हरकत आहे?" म्हातारी प्रेमाने म्हणाली. "होऊ दे की तुमची युनियन. ज्यांची हरकत आहे त्या जातील आत."

तोफेच्या तळपायाची आग अशी मस्तकात गेली, की क्षणभर समोरचं दिसेना. चष्मेवाले चार वेळा बोलले होते, ती स्वतः घसा फोडून बोलली होती, 'हो'वर शिक्का मारा, 'हो'वर मारा. पण हो म्हणायलासुद्धा जागेवरून उठावं लागतं, हे या बायकांना कुणी आणि कशाला सांगणार होतं? आयुष्यभर त्यांचं हो म्हणजे हात खाली.

तिने वळून कॅन्टीनच्या खिडकीकडे बघितलं. साहेब तिच्याचकडे बघत होते. साहेब होण्याआधी याच माणसाने आठ वर्षं त्या काचेच्या केबिनमध्ये बसून बायकांचे हात बघितले होते.

"काय हो," ते खिडकीतून म्हणाले, "चेहरा का पडला? सुट्टी तर तुम्हाला आवडली होती ना?"

"केसाने गळा कापलात!" तोफ म्हणाली. तिला अजून बरंच म्हणायचं होतं, आणि ते सगळं छापण्यासारखं नव्हतं. पण चष्मेवाल्यांनी घाईघाईने तिला दाराकडे वळवलं. "भांडण उद्या करा. आधी माणसं आणा. मी इथून हलू शकत नाही."

तिने मावशीला पिशवीसकट आत ढकललं आणि पळत सुटली.

कारखान्यामागच्या चाळींमध्ये निम्म्या बायका राहत होत्या. तोफ दारादारातून ओरडत गेली. "उठा! घरात बसलीस तर तुझं मत साहेबाच्या पारड्यात!" कुणी केस धूत होती, ती तशीच टॉवेल गुंडाळून निघाली. कुणाची सासू आडवी आली, तिला तोफेने असं काही ऐकवलं, की सासूच सुनेची चप्पल घेऊन आली. एकजण म्हणाली, "पण त्या दिवशी तर तूच टाळ्या वाजवल्यास!" "वाजवल्या, चुकले, चल आता," तोफ म्हणाली. आणि कितीतरी दारांना कुलपं होती. पगारी सुट्टी मिळाल्यावर घरी कोण बसतं? हसरीच्या दारालाही कुलूप. शेजारीण म्हणाली, "पोरांना घेऊन माहेरी गेली. जाताना सांगून गेलीय, आम्ही जिंकल्याचं कळलं की फोन कर." तोफेने फोन लावला तर तो कुलपाआडच वाजत होता. तिने त्या दारावर एक लाथ घातली. अंगठा ठणकला, बाकी काही झालं नाही.

साडेचारला ती अक्काच्या घरी पोचली. भावजी खुर्चीत टीव्ही बघत होते. अक्का डाव्या हाताने तांदूळ निवडत होती.

"अक्का, चल."

"मी हात वर नाही केला गं," अक्का म्हणाली. "मी तुझ्याच बाजूची आहे."

"ती रीत आपल्या शेडमधली. तिथे उलटं आहे. गप्प बसली ती नाही म्हणाली."

अक्काने ताट खाली ठेवलं. "एकदा केला होता ना हात वर? तूही बघितलास. काय झालं? मला आता नको वाटतं बाई."

तोफेला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला. "अगं म्हणूनच चल ना! त्या दिवशी बटण माझ्या हाताशी असतं तर मी तुझी बोटं जाऊ दिली असती का? मी तिथे उभी राहून नुसती बोंबलत होते, अक्का! नुसती बोंबलत!"

"नको त्या भानगडी," भावजी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. "आणि मला वाढणार कोण?"

अक्का उठली. पदर खोचला. "तुमचे तरी दोन्ही हात शाबूत आहेत. घ्या वाढून."

दोघी पोचल्या तेव्हा पाचाला चारच मिनिटं कमी होती. अक्काला चिकटलेल्या बोटांत शिक्का धरता येईना, डाव्या हाताने मारला. मग खात्याच्या बाईंनी दार लावून घेतलं आणि पेटी टेबलावर उलटी केली.

मोजणीला वेळ लागला नाही. "हो, अडुसष्ट," बाई म्हणाल्या. "नाही, सहा."

बायकांनी एकच आरडाओरडा केला. अडुसष्ट आणि सहा! चष्मेवाल्यांनी मात्र चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते सांगणं जड जात होतं. "पटावर एकशे चाळीस आहेत. एकाहत्तर लागतात. मान्यता मिळत नाही."

"म्हणजे सहाजणी जिंकल्या?" अक्काने विचारलं. साहेबांनी खात्याच्या बाईंना नमस्कार केला आणि जाता जाता तोफेला म्हणाले, "माझं दार उघडंच आहे." चौघींनी तिला धरून ठेवलं नसतं तर त्यांच्या शर्टाची इस्त्री त्याच दिवशी उतरली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी हसरी धावतच शेडमध्ये आली. गाडीवरून उतरून तशीच, केस वाऱ्याने विस्कटलेले. तिने तोफेला मागून मिठी मारली.

"जिंकलो ना गं? मी अख्ख्या माहेरात सांगून आले. आई म्हणाली, आधी ते बटण हाताशी घ्या."

तोफेने रात्रभर या क्षणासाठी शिव्या जमवल्या होत्या. हसरीचा चेहरा बघितला आणि एकही आठवेना.

"हरलो," ती म्हणाली. "तीन कमी पडल्या."

हसरीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती रागाने लाल झाली, इतकी, की तोफेने तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"कोण त्या तिघी? मला नावं सांग. सटव्यांना सोडत नाही मी! घरात बसून राहिल्या असतील नाहीतर काय! सांग, कोण?"

केबिनमधून सुपरवायझरने चालू करायचं बटण दाबलं. रोलर घरघरायला लागला आणि पुढचं काही ऐकू येईना. हसरीचे ओठ हलतच होते. कोण, कोण? तोफेने ढिगातली ओली चादर उचलली, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं तिच्या हातात दिलं.