कथिलाला जागा हवी होती

मित्रांनो, महाप्याच्या एका प्रयोगशाळेत खिडकीखाली ठेवलेली मी एक जुनी काचेची बंद पेटी. माझ्या पोटात आरगॉन वायू असतो आणि बाहेरून आत हात घालायला दोन काळे रबरी मोजे. लिथियमला दमट हवा सोसत नाही, आणि खाडीकाठी हवा कायम दमट. म्हणून बॅटरीचे सेल माझ्यातच जुळवत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी संशोधक नंदिनी माझ्यापाशी काम करी. चार्ज होताना सेलच्या ज्या भागात लिथियम शिरते, तो ॲनोड. बाकीचे तो ग्रॅफाइटचा करत. नंदिनीने कथील घेतले, कारण कथिलात कितीतरी जास्त लिथियम मावते. तिचे सेल सुरुवातीला सगळ्यांना मागे टाकत. पण थोड्याच दिवसांत निकामी होत.

एकदा माझ्या उजव्या मोज्याला बारीक भोक सापडले. विभागप्रमुख मधुकर सरांना हायसे वाटले. "सुटलो! पेटी लीक होती, असं पैसे देणाऱ्या कंपनीला कळवू."

मी ओशाळले. भोक तर खरेच होते.

"मोजा बदलून एकदा बघते, सर," नंदिनी म्हणाली.

नव्या मोज्यानेही सेल तसेच गेले. तिने एक उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सरांना बोलावले. "पेटीचा दोष नाही. लिथियम शिरलं की कथील फुगतं, निघालं की आक्रसतं. हे बघा तडे."

"हे कळवलं तर प्रोजेक्ट बंद होईल. टेन्शन नाही येत तुला?"

"येतं ना. पण खोटं कसं लिहू?"

शेवटी सरांनी खरे तेच कळवले आणि जेमतेम उन्हाळ्यापुरती मुदत मिळवली.

त्याच उन्हाळ्यात नंदिनीच्या ऐरोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये गॅलरीतल्या फरश्या तापून उचलल्या. बिल्डरने मध्ये फटी ठेवल्याच नव्हत्या. ती आली ती हेच बोलत. मग तिने कथिलाची अगदी बारीक पूड केली, ती मऊ कार्बनमध्ये विखरली आणि कणांभोवती फुगायला जागा सोडली.

हा सेल आठवडे उलटले तरी चालत राहिला.

"क्षमता घटली की गं," सर म्हणाले.

"घटली. पण ग्रॅफाइटपेक्षा जास्तच आहे, आणि टिकतेय."

सरांनी बाह्या सारल्या आणि प्रथमच माझ्या मोज्यांत हात घातले. "दाखव, कसा जुळवलास."

आता माझी काच धुरकटली आहे, रबर ताठरले आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या साधनांना वेळेवर तपासत जा. आणि काम फसले तर आमच्याकडे बोट दाखवण्याआधी खात्री करून घ्या. त्या दिवशी सारे माझ्यावर ढकलणे सोपे होते. नंदिनीने तसे केले असते, तर तिला ते तडे कधीच दिसले नसते.