मागच्या पानावरचा नियम

छापखान्यातील कागद कापण्याच्या यंत्राखाली माझ्या उजव्या हाताची तीन बोटे गेली आणि पुस्तकबांधणीच्या व्यवसायास मी कायमचा अंतरलो. तदनंतर अपंगांच्या मासिक सरकारी मदतीसाठी मी अर्ज केला. त्यात ‘बचत व मालमत्ता’ असा एक रकाना होता. बँकेत माझी अल्पशी शिल्लक होती आणि घरात पत्नीचे शिवणयंत्र होते. तथापि मी डाव्या हाताने लिहिले : ‘काही नाही’.

चौकशीस माणूस घरी येणार, हे कळताच माझी गाळण उडाली. मी मेहुण्यास बोलावले.

“ताईचं मशीन माझ्याकडे? फाडून खाईल ती मला, भाऊजी!”

“अरे, चार दिवसांचा प्रश्न आहे.”

“तुमचे चार दिवस माहितीयेत मला. माझी शिडी नेलीत, ती अजून यायचीय.”

पत्नी तेव्हा शेजारच्या मुलीचा झगा शिवीत होती.

“एवढी एक बाही तरी लावू द्या ना,” ती म्हणाली.

मी लावू दिली नाही.

चौकशीच्या माणसाने तिला विचारले, “बाई, तुम्ही काही कामधंदा करता?” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले व मान खाली घालून म्हटले, “नाही.” जन्मात ती खोटे बोलली नव्हती.

मदत सुरू झाली. परंतु पुन्हा केव्हाही तपासणी होईल, या धास्तीने यंत्र तीन वर्षे मेहुण्याकडेच राहिले. दुपारी ती खिडकीपाशी रिकाम्या हातांनी बसे. मी ते पाहत असे आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरीत असे.

काल अर्जाच्या नूतनीकरणासाठी मी कचेरीत गेलो. रांगेत माझ्यापुढे एक इस्त्रीवाला होता. “साहेब, दोन इस्त्र्या आहेत माझ्या. लिहू का?” त्याने विचारले.

“लिहा की,” कारकून म्हणाला. “पोटापाण्याची साधनं धरत नाहीत. बँकेतले पैसेही ठरावीक रकमेपर्यंत चालतात. मागच्या पानावर सगळं छापलंय. पण पान उलटायचे कष्ट कोण घेणार!”

मी पान उलटले. माझी शिल्लक त्या मर्यादेच्या निम्मीही नव्हती. बावीस वर्षे मी लोकांच्या पुस्तकांची पाने जुळवली आणि शिवली. स्वतःचे एक पान मात्र उलटून पाहिले नाही.

मी सर्व खरे लिहून दिले. कारकुनाने वाचले व विचारले, “मग मागच्या वेळी का दडवलंत?” मी मागच्या पानावर बोट ठेवले. त्याने अर्ज चौकशीसाठी बाजूला काढून ठेवला.

सायंकाळी यंत्र घरी आणले आणि पत्नीस सारे सांगितले. ती यंत्रावरची धूळ पुसत म्हणाली, “आता कोणाचं शिवू? सगळ्या जणी कोपऱ्यावरच्या टेलरकडे जातात.”

मी घाईघाईने माझा सदरा पुढे केला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला. एकही शिवण उसवलेली नव्हती. तिने तो नीट घडी करून माझ्या हाती परत दिला.