हरिदासच्या टपरीवरचा काचेचा ग्लास

वडनेर, फेब्रुवारी १९९८. मंगळवारी सकाळी साडेसहाला मयुरीच्या पोटरीवर जांभळे ठिपके दिसले. रात्रीपासून ताप होता, उलट्या झाल्या होत्या, मान वाकत नव्हती, उजेड सोसत नव्हता. गावात दोन घरी माता, म्हणजे कांजिण्या, आली होती. म्हणून मंदाबाईंनी लेकीच्या उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवला, घरात फोडणी बंद केली आणि दवाखान्याचं नाव काढायचं नाही असं बजावलं. देवीला सुई खपत नाही.

थोरल्या सपनाला शाळेत आलेल्या डॉक्टरीणबाईंचं सांगणं आठवलं: ठिपक्यावर काचेचा ग्लास दाबा, ठिपका पुसट झाला नाही, तर धावा. पण घरातले सगळे ग्लास स्टीलचे, आहेरातले, देणाऱ्यांची नावं कोरलेले. त्यातून दिसणार काय?

ती हरिदासच्या टपरीवर पळाली. चहा घेतल्याशिवाय ग्लास मिळत नाही, असं त्याने ऐकवलं. तिने एका गिऱ्हाइकाच्या हातातला अर्धा चहा त्याच्याच बशीत ओतला आणि ग्लास घेऊन घर गाठलं. मागोमाग हरिदास.

"आई, तू सोताच दाबून पाह्य."

मंदाबाईंनी दाबला. काचेखाली ठिपके होते तसेच. हरिदास ग्लास मागायचं विसरला. मंदाबाईंनी डहाळ्याला हात जोडले आणि त्या सपनाकडे वळल्या.

"देवीची माफी मी मांगतो. तू जीप पाह्य."

गावच्या दवाखान्यातच पहिलं इंजेक्शन मिळालं, मग जीपने सेवाग्रामचं इस्पितळ. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जंतू रक्तात उतरला होता. ठिपक्यांचीही वाट पाहायची नसते, डॉक्टर म्हणाले; असा ताप आणि ताठ मान पुरेशी आहे. जवळच्यांना लागण होऊ नये म्हणून घरातल्या सगळ्यांना औषध दिलं आणि लघवी केशरी होईल असं सांगितलं. तेव्हा आजोबा महादेवराव बाहेर तंबाखू मळत होते. दुसऱ्या दिवशी संडासातून आले ते शेताच्या वाटण्या सांगतच. हरिदासनेही औषध मागितलं. गरज नाही म्हटल्यावर तो जरा नाराजच झाला.

रविवारी मयुरीने फोडणीचं वरण मागितलं. मंदाबाईंनी डाव्या बाजूने हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

"आईची हाक हिले कधी आयकू आली?" महादेवराव म्हणाले.

मयुरी सोडून सगळे हसले. डाव्या कानाची तपासणी सोमवारी ठेवली आहे.