चारही दारं पुढची

मी कोर्टाची एक म्हातारी इमारत आहे, मित्रांनो, आणि मला पाठ नाही. कुठूनही या, तुम्ही माझ्या समोरच येता. टेक्ससमधल्या प्रुइट स्प्रिंग्ज गावाच्या चौकात मी उभी आहे. चौकाच्या चारही अंगांना दुकानं. मला बांधायचं ठरलं तेव्हा प्रत्येक बाजूचे दुकानदार अडून बसले, की दर्शनी दार आमच्याकडेच हवं. उत्तरेचे लोक दक्षिणेच्या दुकानातून खिळासुद्धा घेईनात. शेवटी नकाशा काढणाऱ्याने हात टेकले आणि चार बाजूंना चार सारखीच दारं दिली. आता बोला!

अठराशे एक्याण्णव साली लाल दगड रेल्वेने आला आणि स्टेशनपासून बैलांनी ओढत आणला. भिंती दोन हात जाड, वर मनोरा, मध्ये घुमट, घुमटाला रंगीत काचा. घुमट पुरा झाला त्या दिवशी माणसं कापसाची वेचणी टाकून आली, डोक्यावरच्या हॅट काढून वर बघत राहिली. काचांतून ऊन खाली आलं आणि सगळ्यांचे चेहरे निळे-तांबडे झाले. मलाच माझं नवल वाटलं. जमिनीखाली अंधारात पडलेला दगड मी, इतकी उंच कशी झाले?

पश्चिमेच्या कमानीवर गॉटफ्रीड आम्सलर नावाचा पाथरवट काम करायचा. सगळ्या कमानींवर त्याने दगडी पानं कोरली, पण पश्चिमेच्या पानांआड, घराबाहेर कुणाला न सांगता, आपल्या चार वर्षांच्या टिल्डाचा चेहरा कोरला. चार दारांत फरक तो एवढाच. दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. माझं उद्घाटन त्याने पाहिलं नाही. जन्मभर दगड घडवणाऱ्याच्या थडग्यावर लाकडी क्रूस लागला, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे सत्तर वर्षं मी न्याय पाहिला, लग्नं पाहिली. ज्यूरीचे बारा जण निकाल द्यायला उभे राहिले की मीसुद्धा श्वास रोखून धरायची. मग मात्र छप्पर गळू लागलं. काचांवर डांबर फासलं, घुमटाखाली पुठ्ठ्याचं छत टांगलं, आणि वर बघण्यासारखं काही उरलंच नाही.

एकोणीसशे बासष्टमध्ये काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, कारभार पाहणारे जज रॉस्को टार्पली यांनी मला पाडून नवी, बसकी इमारत बांधायचा ठराव आणला. सभा भरली माझ्याच मोठ्या दालनात. एखाद्याला त्याच्याच घरात बसवून त्याच्या तिरडीचं बोलावं, तसं झालं ते. मी फार घाबरले होते.

टिल्डा आता पंचाहत्तर वर्षांची होती. पश्चिमेच्या बाजूला तिचं पायचं, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पोळ्यांचं, दुकान होतं. ती उठली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बापासाठी रडणार. टार्पलींनाही तसंच वाटलं असावं.

"टिल्डाआजी, तुमच्या वडिलांचे कष्ट आम्हाला ठाऊक आहेत," ते म्हणाले. "पण दगडांना किती दिवस कवटाळून बसायचं?"

टिल्डाने सावकाश चष्मा लावला. "ते राहू दे रे, रॉस्को. तुझ्या नकाशात दार एकच दिसतंय, पूर्वेला. मग कचऱ्याचे डबे कुणाच्या तोंडासमोर ठेवणार तू?"

नकाशा हातोहात फिरला. उत्तरेचा लोखंडाच्या सामानाचा दुकानदार ताडकन उठला. मग दक्षिणेचा न्हावी. या दोन बाजू सत्तर वर्षांत पहिल्यांदा एकमेकींच्या होला हो म्हणत होत्या. काउंटीच्या कारभारी मंडळातल्या पाच जणांपैकी चौघांनी मला ठेवायला हात वर केला. माझ्या रूपावर भाळून नाही हो. कोर्टाने आपल्याकडे पाठ फिरवलेली बाकीच्या तिन्ही बाजूंना चालणार नव्हती.

सभा संपल्यावर टिल्डा एकटी पश्चिमेच्या दाराबाहेर आली. मान वर करून त्या चार वर्षांच्या पोरीकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "राहिलं हं तुमचं काम." आणि मग ती रडली.

पुढे छप्पर दुरुस्त झालं, पुठ्ठ्याचं छत निघालं, डांबरही खरवडलं. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या इमारतींची डागडुजी तर कराच. पण एक करा. कुठल्याही दाराने या, आत शिरण्याआधी क्षणभर थांबून वर बघा. पानांआड कुणीतरी आपलं लेकरू ठेवून गेलेलं असतं.