दोघांचं औषध

थोरलीने पिशवी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उपडी केली. सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणि खोकल्याची बाटली. धाकट्याने खिशातून तापाच्या गोळ्या काढून शेजारी ठेवल्या.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं लेबल तिच्यापुढे धरलं.

"वाचा."

थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची. बारीक अक्षरातला चुकलेला कानाही तिच्या नजरेतून सुटत नसे. तिने वाचलं. मग सर्दीची पट्टी उलटली, मग भावाची. तिन्हींवर एक नाव सारखंच होतं : पॅरासिटामॉल.

"मी ही दोनच देत होते," ती म्हणाली.

"मी एकच," धाकटा म्हणाला. "दर सहा तासांनी."

"म्हणजे चार दिवस एकच औषध तीन वाटांनी तुमच्या आईच्या पोटात गेलं. यकृताला सूज आलीय. सलाईनमधून उतारा चालू केलाय. उद्याच्या रक्ततपासणीपर्यंत मी काही सांगू शकत नाही."

वडील गेल्यापासून भाऊबहीण बोलत नव्हते. वडिलांच्या आजारपणात कोण कमी पडलं, यावरून शब्दाला शब्द वाढला होता. एकाच घरात वरती ती राहायची, खाली तो आणि आई. आईला ताप भरला तेव्हा दोघांनाही या वेळी कमी पडायचं नव्हतं.

वॉर्डातल्या खाटेवर आई अगदी एवढीशी दिसत होती. थोरली तिच्या कानाशी वाकली.

"त्याची गोळी चालू होती, तर मला सांगायचंस ना गं."

"तुझं नको म्हटलं, तर तुला वाटणार, त्याचंच ऐकते. त्याचं नको म्हटलं, तर त्याला." आई थांबली, तिला धाप लागली होती. "कुणाला नाही म्हणू?"

धाकटा खिडकीकडे वळला.

तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीतले आकडे उतरू लागले. नवव्या दिवशी आई घरी आली.

पुढे महिनाभराने एका सकाळी तो जिना चढून वर आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आईला शिंका येतायत. मी अजून काही दिलं नाही." तो चपलांकडे बघत होता. "तू?"

"नाही."

"मग आधी डॉक्टरीणबाईंना विचारू."

"हो."

तो तसाच उभा राहिला. थोरलीने खुर्चीवरचा मुद्रितांचा गठ्ठा उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला.