यादीत नसलेले आजोबा

मुलांची दुपारची झोप झाली होती आणि पाळणाघरात दूध पिण्याची गडबड चालू होती. तेवढ्यात फाटकाची घंटा वाजली. ताईंनी हातातलं भांडं मदतनीस बाईंकडे दिलं आणि त्या बाहेर आल्या. फाटकापाशी एक उंच, शिडशिडीत म्हातारे गृहस्थ उभे होते. खांद्याला पिशवी, हातात कापडाचा घोडा.

"मी मुंगीचा आजोबा. तिच्या आईचा बाप. न्यायला आलोय तिला."

मुंगी म्हणजे पाळणाघरातली सगळ्यांत बुटकी पोर, नुकतीच तीन वर्षांची झालेली. ताईंनी वही उघडली. प्रत्येक मुलाच्या पानावर त्याला न्यायला येणाऱ्यांचे फोटो चिकटवलेले होते. मुंगीच्या पानावर दोनच, आई आणि शेजारच्या काकू.

"तुमचं नाव नाही हो यात. तुमच्या मुलीनं काही कळवलंही नाही."

"तिला ठाऊकच नाही. न सांगता आलो. म्हटलं, नातीला कडेवर घेऊन दारात उभा राहीन, मग बघू तिचा चेहरा."

ताईंनी फोन लावला. मुंगीची आई शिवणकामाच्या कारखान्यात होती, तिथे काम सुटेपर्यंत फोन कपाटात ठेवावे लागत. तिथल्या ऑफिसातल्या माणसानं निरोप देतो म्हणून सांगितलं, पण त्याच्या आवाजात काही घाई जाणवली नाही.

इतक्यात मुंगीनं दारातून पाहिलं आणि "आजोबा!" म्हणून धावतच आली. ताईंनी तिला अलगद उचललं. फाटकाची कडी काही काढली नाही. मुंगीनं भोकाड पसरलं.

मदतनीस बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "सोडा की. पोर ओळखतेय, नाक तर डिट्टो आहे."

"नाकाची नोंद नसते आपल्या वहीत," ताई हळूच म्हणाल्या. म्हातारा माणूस, एवढ्या लांबून आलेला. खोटं बोलत नव्हता हे त्यांनाही दिसत होतं. पण आज दिसतंय म्हणून सोडलं, तर उद्या दिसण्यात चूक झाल्यावर कुणाला तोंड दाखवायचं?

"काका, राग मानू नका. तिच्या आईशी बोलणं झाल्याशिवाय मी तिला देऊ शकत नाही. बाहेर बाक आहे, बसा. पाणी आणते."

आजोबांचा चेहरा उतरला. ते बाकावर जाऊन बसले. ताईंनी पाणी दिलं, मग चहा दिला. थोड्या वेळानं त्यांनी फाटकाच्या आत एक चटई अंथरली आणि मुंगीला घेऊन तिथेच बसल्या. गजांच्या अलीकडे नात, पलीकडे आजोबा. घोडा गजांमधून आत आला. आजोबांनी त्याची गोष्ट सुरू केली, तशी मुंगी रडायची थांबली. बघता बघता आणखी चार पोरं चटईवर येऊन बसली.

घोडा तिसऱ्यांदा नदीत पडला तेव्हा फोन वाजला. पलीकडे मुंगीची आई होती, घाबरून धापा टाकत. ताईंनी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "उंच आहेत? बोलताना मान वाकडी करतात?"

"करतात. पण तुम्हीच बोला त्यांच्याशी."

"नको, मीच निघते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि अर्ध्या तासात ती स्वतःच आली. वडिलांकडे बघून हसावं की रडावं ते तिला कळेना. "बाबा, इतका वेळ बाहेर बसलात? ताई, अहो, निदान..."

"त्यांना काही बोलू नकोस," आजोबा म्हणाले. "तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो मी. तुझ्या मामाला तिकीट नाही म्हणून भर रस्त्यात उतरवलं होतं. वर्षभर बोलला नाही माझ्याशी." मग ताईंकडे वळून म्हणाले, "राग आला होता मला. खोटं कशाला सांगू?"

"मलाही वाईट वाटत होतं, काका," ताई म्हणाल्या.

त्यांनी कडी काढली. आजोबांनी मुंगीला कडेवर घेतलं, ती लगेच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पडली. आईनं वहीत वडिलांचं नाव लिहून सही केली. फोटो उद्या आणते म्हणाली.

तिघं गल्लीच्या वळणापर्यंत गेलेली ताईंनी पाहिली. मग फाटक लावून, कडी हलवून बघून, त्या उरलेल्या पोरांचे हात धुवायला आत गेल्या.